समाधान मागे घेण्याबाबत

“साहेब, ‘नाही’ कोण म्हणतं? म्हणजे खुर्चीत बसलेला एखादा माणूस म्हणतो, की मशीनच म्हणून टाकतं?”

प्रश्न विचारला ठकीने, पण पैज होती पुढारणीची. पुढारीण म्हणजे ठकीच्या बाकावरची मैत्रीण. स्वतः कधी काही करायची नाही, दुसऱ्यांना पुढे ढकलायची, म्हणून वर्गाने तिला हे पद बिनविरोध बहाल केलं होतं. कल्याण खात्याचे एक साहेब त्या दिवशी शाळेत भाषणाला आले होते. विषय ‘सरकारी सेवा आता तुमच्या बोटांवर’. निम्मा वर्ग डुलक्या घेत होता, उरलेला निम्मा घड्याळ बघत होता. “कुणाला काही प्रश्न?” असं साहेबांनी विचारलं तेही ‘नसणारच’ अशा सुरात. तेवढ्यात पुढारीण कुजबुजली, “विचारून दाखव. माझा डबा तुझा.” पलीकडून दुर्बीण म्हणाली, “नको गं, साहेब कसे बघताहेत बघ.” दुर्बीण ही दुसरी मैत्रीण. चष्मा जाड, म्हणून नाव दुर्बीण. वर्गाची कल्पनाशक्ती यापलीकडे कधी गेली नाही.

आता गंमत अशी, की साहेब कसे बघताहेत हे ठकीला दिसतच नव्हतं. वर्षभर तिला फळ्यावरचंही दिसत नव्हतं. दुर्बीण हळूच वाचून दाखवायची आणि ठकी उतरवून घ्यायची. लांबचा माणूस म्हणजे कपडे घातलेला ढग. आणि खरं सांगायचं तर ठकीच्या नव्या धीटपणाचं मूळ त्या ढगातच होतं. गेल्या वर्षापर्यंत तिच्या तोंडात मिठाची गुळणी असायची. मग एकदा वक्तृत्व स्पर्धेला आयत्या वेळी कुणी मिळेना म्हणून बाईंनी तिला व्यासपीठावर ढकललं. तिने समोर पाहिलं, तर चेहरेच नाहीत. नुसते ढग. ढगांना काय घाबरायचं? ती बोलली, दुसरी आली, आणि तेव्हापासून जो नळ सुटला तो बंद व्हायचं नाव घेईना. डोळ्यांचं घरी सांगावं असं तिला अधूनमधून वाटायचं. पण त्या घरात स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती. ते पुढे येईलच.

साहेब हसले. निदान ढग हलला.

“‘नाही’ शेवटी माणूसच म्हणतो, बाळ. आणि माणूस चुकतो. म्हणून तर ऑनलाइन अपिलाची सोय आहे. इतकी सोपी, की शाळेतली मुलगीसुद्धा करेल.”

टाळ्या पडल्या. ठकी खाली बसली ती नेमणुकीचं पत्र मिळाल्यासारखी.

कारण घरी एक ‘नाही’ येऊन पडलेला होता.

ठकीचे बाबा पुस्तकं बांधायचे. बाइंडिंगच्या कारखान्यात त्यांचा हात असा होता, की फाटून चिंध्या झालेला शब्दकोश त्यांच्याकडे दिला तर आठवड्याने नवरदेवासारखा परत यायचा. पण पुस्तकं बांधायची म्हणजे आधी कागदाचे गठ्ठे उचलायचे. एका सकाळी गठ्ठा उचलला गेला आणि कंबर तिथेच राहिली. घरात त्याला ‘उसण भरली’ म्हणत. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं आणि वजन कायमचं बंद केलं. तरी घरातला शब्द उसणच राहिला, कारण उसण जाते. अशा माणसांसाठी सरकारचा एक भत्ता होता. तो मिळाला तर बाबा घरी बसून हलकी कामं, सोनेरी अक्षरं छापणं वगैरे, बेताबेताने करू शकले असते. नाही मिळाला तर महिनाअखेर पुन्हा कारखान्यात, पुन्हा गठ्ठे. मालकाने जागा तोवरच धरून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता एकदा जरी कंबर गेली तर ती एकटी जाणार नाही, पायही घेऊन जाईल. हे वाक्य आईने ऐकलं होतं, ठकीने दाराआडून ऐकलं होतं, आणि बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

मग भत्ता नाकारला का गेला? तर तपासणी व्हिडिओवर होती. एक बाई पडद्यावरून बाबांना बघणार होत्या. घरात बाई येणार म्हटल्यावर, मग ती पडद्यातून का येईना, आईने दोन दिवस आधीपासून कंबर कसली. पडदे धुतले. शेजारून कुंडी आणून बाबांच्या मागे ठेवली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला, आणि लोखंडी कण्यासारखे ताठ बसले. ताठ बसल्याने किती कळा येत होत्या हे त्यांचं त्यांना ठाऊक. बाईंनी विचारलं, “कसे आहात?” बाबा म्हणाले, “मजेत.”

बाबांना कुणीही, कधीही, काहीही विचारलं तरी उत्तर ‘मजेत’. आजोबा वारले तेव्हा भेटायला आलेल्यांनाही त्यांच्या तोंडून सवयीने मजेतच गेलं होतं. पुढे बाईंनी विचारलं, “त्रास होतो का?” तर बाबा म्हणाले, “थोडंसं अवघडतं. चालायचंच. तुम्ही कशा आहात?” सगळं झाल्यावर पडद्यावर प्रश्न आला, आमची सेवा कशी वाटली? “बाई किती गोड बोलल्या,” असं म्हणत बाबांनी पाचच्या पाच तारे देऊन टाकले.

मग निर्णय आला: अर्जदार विनाआधार बसू शकतात, प्रसन्न दिसतात, व त्यांच्याच शब्दांत मजेत आहेत. सबब अर्ज नामंजूर.

“बरोबर आहे त्यांचंही,” बाबा म्हणाले. “मी प्रसन्न दिसतो.”

शाळेतून आल्या आल्या ठकीने दप्तर फेकलं आणि जाहीर केलं, “मी अपील करणार.”

“आधी हातपाय धू,” आई म्हणाली.

आई एका दवाखान्यात खिडकीवर बसायची. दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्यांचे नंबर लावायचे आणि “फार दुखतंय का? बसा हं,” असं म्हणायचं, हे तिचं काम. घरी मात्र ती हा प्रश्न कुणाला विचारायची नाही. ऑफिसचं काम घरी आणू नये, असं तिचं मत असावं.

ठकीने आईचा फोन नाकाला टेकवला. “फोनमध्ये शिरशील,” आई म्हणाली. ठकीने तिकडे दुर्लक्ष केलं, कारण संकेतस्थळ आधीच तिची परीक्षा घेत होतं. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि तो आधी कधी वापरलेला नको. ‘मी यंत्र नाही’ या चौकोनात खूण करा. केली. मग सिग्नल असलेली सगळी चित्रं निवडा. निवडली. पुन्हा निवडा. सरकारला भत्त्यासाठी माणूस हवा आहे की चौकातला हवालदार, अशी शंका ठकीला येऊ लागली. अखेर ‘अपील करा’ हे बटण उघडलं, तिने ते दाबलं, आणि लाल अक्षरांत मजकूर आला:

आपण या निर्णयाबाबत समाधान व्यक्त केले आहे. समाधानी अर्जदारास अपील करता येत नाही. कृपया प्रथम समाधान मागे घ्यावे.

ठकीने ते दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग सगळे मिळून बाबांकडे बघत राहिले.

“पाच तारे,” आई सावकाश म्हणाली. “अहो, ज्यांनी नाही म्हणायचं त्यांना तुम्ही पाच तारे दिलेत?”

“तेव्हा कुठे नाही म्हणाल्या होत्या? तेव्हा त्या गोड बोलल्या होत्या.”

ही बातमी खालच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही, कारण तिथे निवृत्त हेडक्लार्क काका राहायचे आणि त्यांचे कान अजून नोकरीत होते. ते चपला घालायच्या आधीच जिना चढून आले. समाधान मागे घेण्याचं पान बघून त्यांचे डोळे पाणावले. “वा,” ते म्हणाले. “उभी हयात गेली, पण असं कलम पाहिलं नव्हतं. काय डोकं आहे. बघ, तीन पर्याय दिलेत. अ, समाधान चुकून झाले. ब, समाधान झाले होते परंतु टिकले नाही. क, इतर.”

“अ,” ठकी म्हणाली.

“अ अजिबात नको,” बाबा म्हणाले. “त्या बाईंवर येईल. त्यांना वाटेल, माणूस खोटं खोटं कौतुक करतो.”

“क घ्या,” काका म्हणाले. “‘इतर’ हा कागदोपत्री सगळ्यात सुरक्षित पर्याय. मी माझ्या लग्नाच्या दाखल्यावर—”

“ब,” बाबा म्हणाले, आणि ब वर ठाम राहिले. समाधान झालं होतं, परंतु टिकलं नाही. ठकीला ते वाक्य कुठेतरी लागलं, का ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. समाधान रीतसर मागे घेतलं गेलं. लगेच पडद्यावर नवा प्रश्न उमटला: समाधान मागे घेण्याची सेवा कशी वाटली? बाबांचं बोट सवयीने पुढे सरकलं. ठकीने ते हवेतच धरलं.

आता मुख्य काम. ‘अपिलाचे कारण पाचशे अक्षरांत लिहा.’ हेडक्लार्क काकांनी लेखणी, म्हणजे आपली तर्जनी, सरसावली आणि ‘मा. महोदय यांचे सेवेशी, सविनय सादर, उपरोक्त विषयास अनुसरून’ इथून सुरुवात केली. पाचशे अक्षरं संपली तेव्हा त्यांचा अर्ज ‘कळविण्यास खेद होतो की’ इथवर आला होता. कशाचा खेद, ते सरकारला कळणार नव्हतं. मग ठकीने लिहून पाहिलं. तिच्या मजकुरात अन्यायाचा काळोख होता, न्यायाची पहाट होती, ‘उठा, जागे व्हा’ होतं. कंबर कुठेच नव्हती. शेवटी आई म्हणाली, “ज्याचं दुखतंय त्याला विचारा ना.” बाबांनी फोन घेतला, विचार केला, आणि लिहिलं: ‘पाठ जरा दुखते. जमल्यास बघावे.’

“चारशेच्या वर अक्षरं उरली आहेत,” ठकी म्हणाली.

“सरकारला ठेवू दे,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नाटकवाल्या काकू आल्या. त्या हौशी नाटकांत काम करायच्या, आणि त्यांच्या मते केस हरण्याचं कारण एकच होतं, अभिनयाचा अभाव. “दुखणं प्रेक्षकांपर्यंत पोचायला हवं,” असं म्हणून त्यांनी बाबांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडायला लावलं. बाबा भिडस्त, नाही म्हणवेना. जाताना उजव्या पायाने लंगडले, येताना डाव्या. “आता कण्हा,” काकू म्हणाल्या. बाबा कण्हले ते दारावर कुणीतरी नम्रपणे टकटक केल्यासारखं. काकूंनी कपाळाला हात लावला.

“हे नको,” बाबा म्हणाले. एरवी न चढणारा त्यांचा आवाज आताही चढला नाही, पण त्यात काहीतरी होतं. “मला भत्ता हवाय, वहिनी. पण असा नको. दुखतं तेवढं खरं आहे. त्याला रंग लावला की तेही खोटं होईल.”

काकू गेल्या. ठकी बराच वेळ त्या वाक्याभोवती फिरत राहिली. दुखतं तेवढं खरं आहे. पण किती दुखतं? तिला आठवेना की आपण हे त्यांना कधी विचारलं होतं.

इथे एका चिमट्याबद्दल सांगायला हवं. आईचा एक लांब दांड्याचा चिमटा होता, सकाळी पाव भाजायचा. गेले कित्येक महिने तो रोज सकाळी, कधी पाव भाजून झाल्यावर तर कधी आधीच, नाहीसा व्हायचा आणि संध्याकाळी आपल्या खिळ्यावर मुकाट्याने लटकलेला दिसायचा. आधीच गेला की आई बोटांनी पाव उलटायची, चटका बसायचा, आणि ती हेडक्लार्क काकांच्या बायकोबद्दल काहीबाही बोलायची. चिमटा नेणारा परत आणून ठेवतो, यावरून आईने तो चोर नसून ‘उसनवारीचा माणूस’ आहे असा निष्कर्ष काढला होता.

एका सकाळी ठकीने बाबांना फोनवरचं काहीतरी दाखवायला त्यांच्या खोलीचं दार ढकललं. बाबा अंघोळीनंतर दार लावून बराच वेळ तयार व्हायचे. “लग्नाला निघालात का?” असं आई बाहेरून विचारायची. त्या दिवशी कडी नीट लागली नव्हती.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. एका हातात चिमटा. चिमट्याच्या टोकांत मोजा. ते वाकत नव्हते, वाकताच येत नव्हतं. सरळ उभं राहून, पाय किंचित उचलून, ते चिमट्याने मोजा पायाच्या बोटांत अडकवू पाहत होते. मोजा निसटला. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला, चिमटा खाली नेला, मोजा परत उचलला. कपाळावर घाम होता. ही रोजची गोष्ट आहे हे त्यांच्या हातांच्या सफाईवरून कळत होतं, आणि सफाई येऊनही किती अवघड आहे हे घामावरून.

मग त्यांना ठकी दिसली.

“आईला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“बाबा, मी घालते ना मोजे.”

“छे. मजेत जमतं. हे बघ,” ते म्हणाले आणि चिमटा पुढे केला. “टोकांना बाइंडिंगचं कापड चिकटवलंय. मोजा फाटत नाही. चिमटा परत लावताना ते काढून ठेवतो, आईला कळत नाही. सरस माझा स्वतःचा.”

ठकी सहसा गप्प बसत नसे. त्या दिवशी शाळेत पोचेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढारणीने विचारलं, “काय झालं?” ठकी म्हणाली, “कुठे काय, मजेत.” आणि म्हटल्यावर स्वतःच दचकली.

संध्याकाळी तिने कुणालाही न विचारता अपिलाचा मजकूर लिहिला: ‘माझे बाबा खोटं बोलतात. कुणीही कसे आहात विचारलं की ते मजेत म्हणतात. त्यांना दुसरं उत्तर येत नाही. कृपया पुन्हा एकदा विचारावे, पण वेगळ्या प्रकारे विचारावे.’ आणि बटण दाबून टाकलं. हेडक्लार्क काकांनी नंतर ते वाचलं आणि खुर्ची धरून बसले. “अर्जदार खोटं बोलतो असं अर्जात लिहिलंस? अर्जात? अगं, असं विरोधी पक्षसुद्धा लिहीत नाही.”

ठकीने फोन परत घेऊन पान वरखाली करून पाहिलं. पण मजकूर गेला होता, आणि मागे घ्यायला समाधानासारखी सोय तिथे नव्हती.

काही दिवसांनी कळवण्यात आलं, की सुनावणी व्हिडिओवर होईल. अर्जदाराने स्वतः बोलावे. एक मदतनीस जवळ बसू शकेल, मात्र त्याने बोलू नये. ठकीला मदतनीस नेमण्यात आलं, आणि बोलू नये या भागावर आईने तिला तीनदा बजावलं. हेडक्लार्क काकांनी आपला लॅपटॉप दिला, आणि लॅपटॉपला काही होऊ नये म्हणून ते स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसले. आईने या वेळी पडदे धुतले नाहीत. पण कुंडी आणली. “मोकळं मोकळं दिसतं गं,” ती म्हणाली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाच.

पडद्यावर बाई आल्या. बाबा पूर्ण दिसावेत म्हणून लॅपटॉप खोलीच्या पलीकडच्या कडेला ठेवला होता आणि ठकीला बाबांच्या शेजारी बसवलं होतं, त्यामुळे तिच्या दृष्टीने बाई नव्हत्याच, एक राखी ढग होता. त्या हसताहेत की वैतागल्यात, तिला काही कळेना. पहिल्यांदाच तिला ढगाची भीती वाटली. समोरच्याचा चेहरा न दिसणं म्हणजे धीटपणा नव्हे, नुसतं न दिसणं आहे, हे तिला तिथे त्या खुर्चीत बसून कळलं.

“नमस्कार. कसे आहात?” बाईंनी विचारलं.

दाराबाहेर स्टूल करकरलं. बाबांनी ठकीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं.

“मजेत,” ते म्हणाले.

आईने डोळे मिटले.

“अपिलात लिहिलंय,” ढग म्हणाला, “की तुम्ही असंच म्हणाल. आणि ते खोटं असेल. हे कुणी लिहिलंय?”

बाबा पुन्हा ठकीकडे वळले. रागाने नाही, रागावले असते तर बरं, असं ठकीला वाटलं. आपल्या घरातलं भांडं आपल्याच माणसाने चौकात नेऊन ठेवावं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. एवढ्या जवळून मात्र तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

“लहान आहे,” बाबा बाईंना म्हणाले. “भाषणं करते. तिचं मनावर घेऊ नका. पाठ जरा दुखते, एवढंच.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. कदाचित ‘जरा’ हा शब्द असेल. महिनाअखेर, गठ्ठे, आणि कमरेसोबत जाणारे पाय, सगळं त्या एका शब्दात बसणार होतं.

आता कुणी पैज लावलेली नव्हती. पुढारीण नव्हती, डबा नव्हता. ठकीला एवढंच दिसत होतं, की बाबांना ‘दुखतं का’ हा प्रश्न कळतच नाही. जसं तिला ‘फळा दिसतो ना?’ हा शाळेतल्या बाईंचा प्रश्न कळत नसे. तोंड आपोआप ‘हो’ म्हणायचं. विचारायला हवं होतं ते वेगळंच.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही मोजे कसे घालता ते दाखवा ना.”

“मदतनीसाने बोलू नये,” बाई म्हणाल्या.

“हो,” ठकी म्हणाली. “पण त्यांनी एक शोध लावलाय.”

शोध म्हटल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. दुखण्याबद्दल बोलायला तो माणूस मेला तरी तयार नव्हता. पण कारागिराला ‘हे कसं केलंत?’ असं विचारलं, की त्याची मान आपोआप वर होते. बाबांनी क्षणभर आईकडे पाहिलं, आणि मग ती वर झालीच.

“शोध वगैरे काही नाही,” ते म्हणाले. “साधी युक्ती. जा गं, चिमटा आण.”

ठकीने चिमटा आणला. बाबांनी तो पडद्यासमोर धरला. टोकांना कापड कसं लावायचं, सरस किती घट्ट हवा, मोजा आधी कसा गुंडाळायचा, सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, “आणि हे फक्त मोज्यांचं. न्हाणीघराच्या दाराला मी दोर बांधलाय, पाटावरून उठायला. पुस्तक वाचायला कपाटाचा वरचा कप्पा मोकळा केलाय, उभ्याने वाचतो. फार वेळ बसवत नाही. रात्री कूस बदलायची तर पलंगाच्या कडेला पट्टा लावलाय, जुन्या प्रेसचा. तो ओढायचा. घरात कुणाला जाग येत नाही.” त्यांचा आवाज कितीतरी महिन्यांनी भरलेला होता. “सांगायचं तर, बाई, मी सगळ्याची सोय केलीय.”

बाईंनी टाइप करणं थांबवलं.

“आणि चिमटा नसेल त्या दिवशी?” त्यांनी विचारलं.

“नसेल तर मोजे नाहीत,” बाबा सहज म्हणाले. “मोजे नाहीत तर बूट नाहीत. बूट नाहीत तर बाहेर जाणं नाही.” आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी चिमटा मांडीवर ठेवला. “तसं असतं त्या दिवशी,” ते म्हणाले.

मागून आईचा आवाज आला. ती पडद्यात येणार नव्हती असं ठरलं होतं, पण आली.

“हा माझा पावाचा चिमटा आहे,” ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि कुठलं आधी येऊ द्यावं हे ठरत नव्हतं. “एवढे महिने आपण मोज्यांच्या चिमट्याने भाजलेला पाव खातोय?”

“मोजे धुतलेले असतात,” बाबा म्हणाले.

“मला विचारायचं नाही? मी दिवसभर लोकांना विचारते, फार दुखतंय का, फार दुखतंय का. घरी माझ्या शेजारी माणूस पट्टा ओढून कूस बदलतोय. आणि मला जाग येत नाही, याची सोय केलीय म्हणे.”

पडद्यावरून बाई म्हणाल्या, “पुरे आहे. मला हवं होतं ते मिळालं.” आवाज गोड होता की नव्हता, हे सांगता येणार नाही. पण बाबांनी सवयीने विचारलं, “तुम्ही कशा आहात?” आणि बाई म्हणाल्या, “मान आखडते हो. दिवसभर हेच.”

“मानेसाठी एक युक्ती आहे,” बाबा म्हणाले, आणि आईने लॅपटॉप बंद केला.

निर्णय आला तो शनिवारी दुपारी. ठकीने फोन नाकाला लावून वाचला. अर्जदाराने दैनंदिन कामांसाठी केलेल्या व्यवस्था पाहता त्यांना जड काम करणे शक्य नाही असे दिसते; सबब पूर्वीचा निर्णय रद्द, भत्ता मंजूर. एक वर्षाने पुन्हा तपासणी. हेडक्लार्क काकांनी ‘व्यवस्था पाहता’ हे शब्द दोनदा वाचायला लावले आणि खालच्या मजल्यावर जाऊन ते आपल्याच सल्ल्याचं फळ असल्याचं सांगितलं. मालकाला निरोप गेला: आता गठ्ठे नाहीत, सोनेरी अक्षरं असतील तर पाठवा. आईने दोन नवे चिमटे आणले, एकाच्या दांड्याला लाल दोरा बांधला आणि म्हणाली, “हा पायांचा. चुकून जरी पावाला लागला तर तुम्ही आणि तुमची सोय, दोघं बाहेर.” सकाळी दाराला कडी नसायची. कधी मोजे आई घालायची, कधी बाबा स्वतः, हट्टाने.

निर्णय आला त्याच संध्याकाळी नाटकवाल्या काकू जिन्यात भेटल्या. “काय, कसं काय?” त्यांनी विचारलं.

बाबांच्या ओठांवर ‘म’ येऊन उभा राहिला. ठकी बघत होती, आईही. बाबा बराच वेळ त्या ‘म’पाशी थांबले.

“पाठ दुखतेय,” ते म्हणाले. “आज जरा जास्त.”

जगबुडी झाली नाही. काकू म्हणाल्या, “बसा मग थोडं,” आणि पायरीवरची त्यांची पिशवी बाजूला केली. बस्स, एवढंच झालं. ठकीला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी आपण सगळे इतके दिवस धापा टाकत होतो?

वर आल्यावर आईने ताटं घेतली. बाबा कपाटाशी उभे राहून वाचत होते. ठकी स्वयंपाकघराच्या दारात, दोघं दिसतील अशा जागी, जाऊन उभी राहिली. तिथून आई स्पष्ट होती आणि बाबा जरासे ढग.

“मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” ती म्हणाली. “विचारत नाहीये, सांगतेय.”

“आता कुणावर अपील?” आई म्हणाली.

“मला फळा दिसत नाही. वर्ष झालं. दुर्बीण वाचून दाखवते, मी लिहिते. बाई विचारतात, दिसतं ना, मी हो म्हणते. बाबा तिथून मला नीट दिसत नाहीयेत.” तिने एक पाऊल पुढे टाकलं. “सोमवारी शाळा सुटल्यावर मी डोळे तपासायला जाणार आहे. चष्मा लागणार. वर्गात एक दुर्बीण आहेच, मला दुसरं काहीतरी नाव ठेवतील, ठेवू देत. आणि चष्मा लागला की समोर बसलेल्यांचे चेहरे दिसतील, मग कदाचित माझी बोलती पुन्हा बंद होईल. झाली तर झाली. मी पुन्हा शिकेन, चेहरे बघून बोलायला. पण मजेत म्हणायचं मी सोडलं.”